रोडग्यांच्या यादीवर मागितलेली सायकलवाट

सह्या मी चोरल्या. एकूण एक्केचाळीस. त्यातली पहिली माझ्या सासऱ्यांची होती. त्या सगळ्या माणसांनी रोडगे खायला येणार म्हणून सह्या केल्या होत्या, आणि मी त्या वन उद्यानात सायकली सोडाव्यात अशा निवेदनाला जोडून दिल्या. हे सांगितलं की लोक आधी हसतात. ते हसण्यासारखं आहे हे मलाही कळतं. पण अमरावतीत बऱ्याच जणांना ही गोष्ट अर्धीच माहीत आहे, आणि त्या अर्ध्या गोष्टीत माझा दोष फार कमी दिसतो. म्हणून पूर्ण लिहितो.

मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर असतो. वय अठ्ठेचाळीस. दिवसभर लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा. मध्यंतरी शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. आमच्या कॉलनीतल्या दाताच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की चालून काही होत नाही, सायकल घ्या. शुगरच्या बाबतीत दाताच्या डॉक्टरचं ऐकायचं काही कारण नव्हतं. पण ते हे सांगत होते तेव्हा त्यांची दोन बोटं माझ्या तोंडात होती, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

सायकल आली. जाड टायरची, गिअरची, डोंगरात चालवायची. सासरे तेव्हा आमच्याकडेच होते. ते अकोला जिल्ह्यात पस्तीस वर्षं पोस्टमन होते, म्हणजे सायकल या विषयात त्यांच्यापुढे बोलणारा माणूस आमच्या नात्यात कोणी नाही. त्यांनी सायकलीभोवती दोन चकरा मारल्या. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "बाई, दुकानवाल्यानं बाकीचं सामान कवा देतो म्हनलं?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तरी प्रश्न तिला, कारण आमच्याकडे सासरा जावयाशी थेट वाद घालत नाही. मान असतो जावयाचा. जे काही उलटसुलट सांगायचं ते मुलीला सांगायचं, जावयाला ऐकू येईल इतक्या अंतरावर तो बसलेला पाहून. जावईही उत्तर बायकोलाच देतो. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सासऱ्यांनी मला तोंडावर एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं. बायको या काळात दोन्ही बाजूंची टपाल खात्यातली नोकरी करत होती, असं ती स्वतःच म्हणते.

सासूबाई गेल्यापासून सासरे अकोल्याच्या घरात एकटे असत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले आणि राहिले, ते आमच्यासाठी नाही, वन उद्यानासाठी. शहराच्या टेकड्यांच्या बाजूला हे उद्यान आहे. पुढच्या भागात पाळणे, व्यायामाची कुरकुरणारी यंत्रं आणि सिमेंटचा गोल रस्ता. मागच्या भागात सागाच्या आणि पळसाच्या झाडांतून वर चढत जाणारी आणि नाल्याला वळसा घालून परत येणारी एक मातीची पायवाट. सासऱ्यांच्या टाचा दुखतात, सिमेंटवर त्यांना दहा मिनिटं चालवत नाही. त्या वाटेला ते "मऊ वाट" म्हणत. रोज सकाळी तिथे त्यांच्या तीन फेऱ्या होत आणि नंतर वडाखालच्या बाकावर म्हाताऱ्यांच्या मंडळीत तासभर गप्पा. त्या मंडळीनं त्यांना परस्पर बढती देऊन "पोस्टमास्तर" करून टाकलं होतं. ते पहिले काही दिवस रोज दुरुस्ती करत, "मास्तर नाही जी, पोस्टमन," आणि मग एक दिवस त्यांनी दुरुस्ती करणं सोडलं. आमच्या कॉलनीत ते फक्त अमक्याचे सासरे होते. त्या बाकावर त्यांना स्वतःची जागा होती, डावीकडून दुसरी.

आणि मला नेमकी तीच वाट हवी होती.

दाताचे डॉक्टर आणि मी धरून आम्ही सहा जण सायकलवाले झालो होतो. डांबरी रस्त्यावर ही सायकल चालवणं म्हणजे बैलाला लिफ्टमधून नेण्यासारखं होतं. खरी मजा मातीच्या उतारावर. पण उद्यानाच्या फाटकावर पाटी होती, वाहन नेण्यास मनाई. मी चौकीदाराशी वाद घातला की सायकल हे वाहन नाही. तो म्हणाला, चाक हाय तं वाहन हाय. मी विचारलं, मग बाबागाडीला चार चाकं असतात, ती कशी जाते? यावर त्यानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी एका बाईंची बाबागाडी फाटकावर अडवली. त्या बाईंना त्यानं माझं नाव सांगितलं.

तेव्हा आम्ही रीतसर निवेदन द्यायचं ठरवलं. निवेदन लिहिणं हा माझा प्रांत. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयान्वये, सगळं व्यवस्थित. सायकलीनं झाडांना इजा होत नाही, धूर होत नाही, तरुण मुलं मोबाईल सोडून जंगलात येतील, आणि वाटेची निगा आम्ही स्वखुशीनं ठेवू. हे मुद्दे मला तेव्हा पटत होते आणि आजही पटतात. माझा गुन्हा मुद्द्यांत नव्हता. सहाही जण वनखात्याच्या साहेबांकडे गेलो. निवेदन देतानाच्या फोटोत प्रत्येकाचा हात कागदाला लागलेला दिसावा लागतो, ही आपल्याकडची पद्धत. सहा हात लागल्यावर कागद साहेबांच्या हातात जाईना. त्यांनी तो शेवटी जरा जोर लावून ओढून घेतला.

साहेब चांगले होते. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, तुम्ही सहा आहात. तिथं रोज चालणारे पन्नास आहेत. त्यांची सहमती आणा, मग पाहू.

यात काही चूक नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी बाकावरच्या मंडळीकडे गेलो आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांच्यात एक जुने पहिलवान आहेत, त्यांनी माझं बोलणं संपू दिलं आणि म्हणाले, "भाऊ, आमी इथं रस्त्यावरच्या गाड्यायले भेऊन येतो. तुमी गाड्या इथंच घेऊन येऊन राहिले." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग सगळे माझ्या सासऱ्यांकडे पाहू लागले. सासऱ्यांनी वडाकडे पाहिलं. म्हणाले, जवाई म्हनतात तं विचार करूनच म्हनत असतील. आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

घरी आल्यावर खरं उत्तर मिळालं. मी पेपर वाचत बसलो होतो. सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बायकोला म्हणाले, "बाई, जवायाले सांग, मागून सायकल आली का म्हाताऱ्याचा जीव उडते. पस्तीस वर्सं मी सायकलीवर बसून लोकायच्या मागून घंटी वाजवली, आता जराक मले बिनघंटीचं चालू द्या म्हना. त्या मागच्या जाळरेषेवरून फिरवा ना सायकली. तिकडं कोनी जात नाही."

जाळरेषा म्हणजे वणवा पसरू नये म्हणून उद्यानाच्या मागच्या हद्दीवर गवत काढून ठेवलेला पट्टा. मी पेपरामागून बायकोला म्हटलं, "बाबांना सांग, तिथं नुसते धोंडे आहेत, आणि घाणेरीची झुडपं माजलीत."

बायकोनं पोळी उलटली आणि म्हणाली की तुम्हां दोघांमध्ये चार पावलांचं अंतर आहे, तिकीट लावायचीही गरज नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. त्याच आठवड्यात मंडळीचा रोडग्यांचा कार्यक्रम ठरला, वलगावकडच्या एकाच्या शेतात. रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कणकेचे थरावर थर घालून केलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, आणि फोडून तुपाबरोबर, वांग्याच्या भाजीबरोबर, वरणाबरोबर खायचे. दोन खाल्ले की माणूस आडवा होतो. मागच्या वर्षी येतो म्हणून बरेच जण आलेच नव्हते आणि उरलेले रोडगे आठवडाभर गाईंना घालावे लागले होते. म्हणून यंदा सही घ्यायची ठरली. माझं अक्षर चांगलं, कागदही मीच आणतो, त्यामुळे यादी माझ्याकडे आली. वर शीर्षक घातलं, "रोडग्यांचा कार्यक्रम", आणि त्याखालच्या ओळीत, "खालील सही करणारे सहमत आहेत." खाली रकाने: क्रमांक, नाव, किती खाणार, सही. पहिली सही सासऱ्यांनी केली, एका ओळीत सरळ, शेवटी टिंब देऊन. रोडगे दोन. पहिलवानांनी नऊ लिहिले.

तो कागद माझ्या टेबलावर होता. निवेदनाची फाईलही टेबलावर होती. जेवणाच्या सुट्टीत मी दोन्हींकडे पाहत बसलो. एक्केचाळीस जण, रोज त्याच वाटेवर चालणारे, आणि वर लिहिलेलं, सहमत आहेत. मी फक्त "रोडग्यांचा कार्यक्रम" एवढी वरची ओळ पट्टी ठेवून फाडली. कात्री घेतली असती तर आपण काहीतरी कापतोय हे माझं मलाच जाणवलं असतं. पट्टीनं फाडताना कागद नीट करतोय असं वाटलं. मग टाचणी लावली आणि आपल्याला काही झालं नाही हे पाहायला डबा उघडून जेवलो.

साहेबांनी यादी पाहिली आणि आकड्यांच्या रकान्यावर बोट ठेवलं. वरचा मथळा "किती" एवढाच उरला होता, "खाणार" मी पांढऱ्या शाईनं झाकलं होतं. हेही सांगायला हवं. झाकलं होतं.

"हे काय?"

"रोजच्या फेऱ्या," मी म्हणालो.

"हे नऊ?"

"ते जुने पहिलवान आहेत, साहेब."

साहेब खुर्चीत मागे टेकले. या वयात नऊ, म्हणाले. आमच्या माणसांना दोन फेऱ्या जड जातात. त्यांनी तिथल्या तिथं एक महिना सायकलींना प्रायोगिक परवानगी लिहिली. मी इतका खूश होतो की फाईल पुढे कुठे जाणार हे विचारलं नाही, आणि हे विचारणं हेच माझं रोजचं काम आहे.

ती फलकावर जाणार होती. कोणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून परवानगी आणि तिला जोडलेली यादी शुक्रवारी उद्यानाच्या फाटकावर काचेच्या फलकात लागली. मला ती रविवारी दिसली, पहिल्याच फेरीला जाताना. फाटलेल्या कडेसकट. काचेआड, माझ्या अक्षरात, एक्केचाळीस नावं आणि त्यांचे रोडगे. मी सायकल वळवायला लागलो. पण मंडळी त्या दिवशी वलगावला होती, उद्यान रिकामं होतं, आणि दाताचे डॉक्टर पुढे निघूनही गेले होते. मी मागोमाग गेलो. ती मऊ वाट उतरताना मी तोंडानं आवाज काढत होतो असं डॉक्टर नंतर म्हणाले. फार छान वाटलं होतं, हे लपवत नाही.

घरी आलो तर सासरे घरीच. रोडग्यांना गेले नव्हते. पोट बरं नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं, आणि दुपारी चार पोळ्या खाल्ल्या.

सोमवारपासून ते गच्चीवर चालू लागले. पाण्याच्या टाकीभोवती. टाकीजवळ बायकोनं मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या, त्या चुकवत. डोकं गरगरतं म्हणून अकरा चकरा उजवीकडून आणि मग अकरा डावीकडून. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं की वर काही दळण चाललंय का. मी बायकोमार्फत विचारलं की उद्यानात का जात नाहीत. बायकोमार्फत उत्तर आलं की थंडी आहे. गच्चीवर काय कमी थंडी होती? पण उत्तर माझ्या सोयीचं होतं, मी ते आवकमध्ये घेतलं आणि पुढे ढकललं.

दोन आठवड्यांनी ते म्हणाले, अकोल्याचं घर बंद आहे, दारं-खिडक्या उघडून यायला पाहिजेत. पिशवी भरली आणि एस.टी.नं गेले. जाताना त्यांनी चालायचे बूट नेले नाहीत. ते दाराशी तसेच ठेवले होते, नाड्या आत कोंबून.

खरं काय झालं ते मला चौकीदारानं सांगितलं. बाबागाडीच्या प्रकरणापासून तो माझ्याशी फार बोलत नसे, पण त्या दिवशी सायकल आत नेताना त्यानं मला थांबवलं आणि विचारलं की म्हातारेबुवा कुठं गेले. अकोल्याला, मी म्हटलं. तो म्हणाला, जानारच होते. मग त्यानं सांगितलं. शुक्रवारी सकाळी मंडळी फलकापुढे उभी राहिली. आधी कोणाला कळेना की आपली नावं इथे कशी. मग पहिलवानांनी स्वतःचे नऊ ओळखले. सगळे माझ्या नावानं बोलायला लागले, याच्या जवायानंच फसवलं म्हणून. सासरे नवीन भिंग बसवलेल्या डोळ्यानं काचेला नाक लावून तो फाटका कागद बराच वेळ वाचत होते. मग वळून म्हणाले की सह्या मीच दिल्या. जवायाले माहीत नाही. मले वाटलं तुमी हो म्हनसान.

"कोनाले खरं वाटलं नसंल," चौकीदार म्हणाला, "पन त्यायनं दोनदा सांगतलं, मंग काय म्हनतीन? कोनी बोललं नाही त्यायच्याशी. ते थोडा वेळ उभे राहिले अन् गेले."

बाकावर डावीकडून दुसऱ्या जागेवर मंडळी तेव्हापासून पाण्याची बाटली ठेवत होती, कोणी बसू नये म्हणून. म्हणजे त्यांनी बसू नये म्हणून.

बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाली की बाबा हिवरखेडला होते तेव्हा एकदा एका आजोबांच्या रजिस्टर पत्रावर नातवानं सही केली, आणि हे बाबांना अर्ध्या वाटेत लक्षात आलं, तर ते भर उन्हात सायकल वळवून परत गेले होते. आजोबांना झोपेतून उठवून त्यांची सही घेतली. "त्यांनी जन्मात दुसऱ्याची सही दुसऱ्या कामाला लावली नाही," ती म्हणाली, "अन् सगळ्यांसमोर सांगितलं की लावली. तुमच्यासाठी."

मी म्हटलं, त्यांना फोन करून सांग की माझं चुकलं.

"हे माझ्याहातून जाणार नाही," ती म्हणाली. "हे तुम्ही सोता घेऊन जा."

मग मला वाटलं की प्रायश्चित्त म्हणून अकोल्याला सायकलनंच जावं. तिनं विचारलं, माफी मागायला चालले का फोटो काढायला. तो बेत सोडला. आणि आधी इथलं निस्तरल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नव्हता.

साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, पांढऱ्या शाईसकट. त्यांनी फाईल उघडून परवानगी पुन्हा वाचायला घेतली. मी निलंबनाचा, चौकशीचा, पेपरात येणाऱ्या बातमीचा विचार करत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे ते नऊ फेऱ्या मारत नाहीत?"

"नाही साहेब. नऊ रोडगे लिहिले होते. खाल्ले दोनच, आणि बांधावर झोपले, असं कळलं."

साहेबांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी त्या पहिलवानांचं उदाहरण देऊन आपल्या वनरक्षकांना पंधरा दिवस सकाळी पळवलं होतं. परवानगी त्यांनी माझ्यासमोर रद्द केली, यादी फलकातून काढायला सांगितली आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. तो मी लिहून दिला. आयुष्यात पहिल्यांदा माझा अर्ज दुसऱ्या कोणाच्या तरी आवकमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीकडे. मी पोहोचलो तेव्हा त्यांचा हसण्याचा व्यायाम चालला होता, हात वर करून, हा हा हा. मध्ये बोलणं बरं दिसेना म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं आणि थांबले नाहीत. शेवटी मी सुरुवात केली की सह्या मी जोडल्या होत्या, आणि ते हात वर करून हसतच होते, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं, रोडग्यांची ओळ मी फाडली, माझ्या सासऱ्यांना काही माहीत नव्हतं. हा हा करता करता एकेक हात खाली आला. पहिलवान शेवटपर्यंत हसत होते, कारण त्यांना कमी ऐकू येतं. त्यांना शेजारच्यानं कानात सांगितलं.

मग मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही, ते योग्यच होतं. पहिलवान मात्र रागावलेच नाहीत. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "पंधरा दिवस आमी त्या मानसाले तोंड नाही दाखवलं. त्यानं तोंडावर सांगतलं तं आमी खरं कसं मानलं?" त्यांनी पाण्याची बाटली उचलून बाकाखाली ठेवली. कोणी तरी विचारलं, मग सायकलीचं काय. त्यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं की जाळरेषेवर न्यायच्या असतील तर न्या, पण झुडपं तुम्हीच साफ करा, वर्षभर, आणि मऊ वाटेवर चाक दिसलं तर हवा सोडू. पोस्टमास्तर तेच म्हणत होते, एकजण म्हणाला. तुमालेच सांगून राह्यले होते ना? मी हो म्हटलं. साहेबांकडे या वेळी मंडळीच जाणार होती, आमच्याशिवाय. फोटोलाही आम्ही नको होतो.

"अन् त्यायले घेऊन या," पहिलवान म्हणाले. "आमी फोन केला तं उचलत नाहीत."

रविवारी बायको आणि मी एस.टी.नं अकोल्याला गेलो. जुन्या शहरातल्या त्या गल्लीत सासऱ्यांच्या दारासमोर एका टेलरचं दुकान आहे. त्यांनी मशीन थांबवून "आओ दामादजी" म्हटलं आणि गिऱ्हाईकाला उठवून खुर्ची पुढे केली. मी त्या खुर्चीवर बसलो असतो तर तिथेच संध्याकाळ झाली असती. आत गेलो. सासऱ्यांनी नवा टॉवेल काढला, पाय धुवायला पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसले. मी "मामाजी" म्हटलं की ते उठत आणि काहीतरी आणत. पहिल्यांदा पाणी, मग पोहे, मग पेपर. चौथ्यांदा चहा ठेवायला गेले. बायको तेवढ्यात उठली आणि मला काही न सांगता टेलरच्या घरी गेली, त्यांच्या बायकोशी बोलायला.

सासरे गॅसपुढे माझ्याकडे पाठ करून उभे होते. पातेल्यात पाणी उकळत होतं.

"बाई," ते म्हणाले, "जवायाले इचार, साखर घालू का नोको. शुगर हाय ना त्यायले."

उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग वळून पाहिलं. घरात आम्ही दोघंच होतो.

मी खुर्चीवरून उठलो. म्हटलं, "बाई इथं नाही, मामाजी. मीच बोलतो. तिथं बाकावर सगळ्यायले सांगून आलो, की त्या सह्या मी जोडल्या. साहेबालेही सांगितलं."

त्यांनी गॅस बारीक केला. मग, बावीस वर्षांत पहिल्यांदा, ते मला सरळ रागावले.

"काहून सांगतलं तुमी? मी निभावून नेलं होतं ना. पोरीच्या घरचं नाव हाय ते. माह्यं काय, मी आज हाव तिथं, उद्या नाही. तुमाले तं त्याच गावात राहाचं हाय."

"राहीन ना," मी म्हटलं. "लोक हसून राहिले, हसू द्या."

"बसा तुमी खुर्चीवर."

मी बसलो नाही. भिंतीपाशी, ते मघाशी बसले होते तिथे, खाली बसलो. ते उभेच होते, हातात सांडशी घेऊन. मी ठरवून आणलेलं वाक्य कचेरीतल्यासारखं होतं, ते सोडलं.

"मामाजी, तुमची सही मी चोरली. तुमी जेवाची म्हनून केली होती, मी माह्या सायकलीसाठी लावली. तुमाले इचारलं असतं तं तुमी नाही म्हनले असते, मले माहीत होतं, म्हनूनच इचारलं नाही. मंग तुमी माह्यासाठी खोटं बोलले, अन् तुमची मानसं गेली, अन् तुमी टाकीभोवती फिरत राहिले, अन् मी खाली बसून पेपर वाचला. माह्यं चुकलं. मले माफ करा."

त्यांनी सांडशी ओट्यावर ठेवली, साखरेचा डबा काढला आणि मलाच विचारलं, "घालू का नोको?"